मागच्या पडवीतलं ‘नाही’

...आणि ते उद्गारचिन्ह गेलं. फोनच्या कोपऱ्यात, पंख्यासारख्या उघडलेल्या वायफायच्या कमानींच्या पायाशी सकाळपासून ठाण मांडून बसलेलं, लिखेएवढं चिन्ह — यशोदाच्या डोळ्यांदेखत गेलं आणि कमानी पांढऱ्याशुभ्र भरल्या.

"आलं का गं?" पुढच्या खोलीतून तिचे यजमान हरिश्चंद्र ओरडले.

"नाही," यशोदा म्हणाली.

सकाळपासून ती नाहीच म्हणत होती आणि सकाळपासून ते खरंही होतं. त्यामुळे हेही ‘नाही’ आधीच्या रांगेत मुकाट्यानं जाऊन उभं राहिलं, आणि ते वेगळं आहे हे तिचं तिलासुद्धा क्षणभरानं कळलं. कळल्यावर परत घ्यायला हवं होतं. तेवढ्यात फोन थरथरायला लागला — जिथं आजवर कुणाचं काही पोचलं नव्हतं तिथं गुलाबांच्या चित्रांवरचे ढीगभर शुभसकाळ भर दुपारी येऊन आदळायला लागले — आणि तिनं तो सुपातल्या तगरीच्या कळ्यांखाली सारला.

"बरं, तिथंच थांब. हलू नकोस!"

हलू नकोस म्हणे. लग्न होऊन या घरात आल्यापासून हलायला सांगणारेच सगळे — जरा उठतेस का, जरा बघतेस का, जरा देतेस का — आणि आज पहिल्यांदा कुणी हलू नकोस म्हटलं, तर ते एका राऊटरच्या डबड्याच्या सोयीसाठी!

ही मागची पडवी म्हणजे घराचा विसरलेला भाग. पुढं केळी, मागं विहीर, मधे चुन्याच्या जाडजूड भिंती. फोनची रेंज त्या भिंतींपाशी येऊन परत जाते. जेवणाची भांडी आवरली की चहापर्यंत यशोदा इथं बसते. काय करतेस, असं विचारलं तर कळ्या निवडते म्हणते. कळ्या निवडायला कितीसा वेळ लागतो? उरलेला वेळ ती काही करत नाही. वाचत नाही, झोपत नाही, देवाचं नाव तर मुळीच घेत नाही. नणंद, भिशीवाल्या, मंडळाच्या बाया — साऱ्या गावाला ठाऊक आहे, यशोदा मागं असेल, तिला रेंज नाही.

आणि मग एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमधून सूनबाईंना युक्ती सुचली. जागृती आणि प्रितेश दोघंही घरून काम करतात, दुपारी दोघांच्याही मीटिंगा, रिवा तीन वर्षांची. तेव्हा टॅब रिवासमोर उभा करायचा आणि टॅबमध्ये आजी. "आई, तुम्ही नुसतं समोर बसायचं," जागृती म्हणाली होती, "तुम्हाला काहीच करायचं नाही हो!" म्हणजे काही न करणं ही या घरातली एकच गोष्ट माझी स्वतःची होती, आणि तीसुद्धा आता मी दुसऱ्यांसाठी करायची... नातीवर जीव नाही असं नाही. दर रविवारी ती येते तेव्हा अंगाखांद्यावर घेऊन मी वाडीभर फिरते. पण दुपार ही रविवार नाही.

नवा राऊटर पुढच्या खोलीत बसला, जुना माळ्यावर गेला होता; हरिश्चंद्रांनी तो उतरवून, पुसून, पडवीच्या दाराशी टांगला. जेवताना समजावून सांगितलं, "राऊटर प्रत्येक फोनला एक पत्ता देतो. घरात दोघंही पत्ते वाटायला लागले की गोंधळ होतो. म्हणून जुन्याचं वाटणं बंद करायचं. त्यानं नुसतं पुढचं मागं पोचवायचं, मागचं पुढं." यशोदानं आमटी वाढली. पुढचं मागं पोचवायचं, आपलं काही वाटायचं नाही — यासाठी यांना व्हिडिओ बघावे लागले?

हरिश्चंद्र हातात टाचणी घेऊन दारात आले.

"हा दिवा लागलाय, तोही लागलाय. मग तुझ्याकडेच का नाही?"

"मला काय विचारता? तुमच्या त्या व्हिडिओतल्या पोराला विचारा."

"पुन्हा पहिल्यापासून करतो," ते म्हणाले आणि डबड्याच्या भोकात टाचणी खुपसून उभे राहिले. चालतं यंत्र बंद पाडत होते, तिच्या एका शब्दावर. यशोदा बघत राहिली. तोंड उघडलं असतं तर... नाही उघडलं.

टाचणीनं जुना राऊटर शिकवलेलं सगळं विसरला, पुन्हा स्वतःच पत्ते वाटायला लागला आणि पुढच्या खोलीतलंही नेट गेलं. तिथला फोन वाजला. हरिश्चंद्रांनी तो स्पीकरवर घेतला असावा, कारण जागृतीचा आवाज भिंती ओलांडून आला. "बाबा, काय चाललंय? टॅबवर आजी दिसत नाही म्हणून रिवानं भोकाड पसरलंय. माझा कॉल सुरू होतोय ना!"

"पाच मिनिटं दे गं. होतंय."

होतंय. ते पुन्हा सगळं करत बसले. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले, पण तिला ऐकू आलंच. "पूर्वी अख्ख्या गावाचे पंप नीट केले मी. आता डोकं चालत नाही बहुतेक."

हे मात्र फार झालं. राग आला तो आधी त्यांचाच — रडायचं तरी कुठं, ऐकू जाईल अशा ठिकाणी? मग त्या ‘बहुतेक’चा. माणसाला म्हातारं करायला तिचं एक ‘नाही’ पुरलं होतं.

कळ्यांखाली फोन पुन्हा थरथरला.

"आलं का?" आवाजात आता जोर नव्हता. चुकलेल्या मुलानं विचारावं तसं.

"आलंय," यशोदा म्हणाली. "मघाशीही आलं होतं. तुमचं काही चुकलं नव्हतं. मला नकोय ते इथं."

आवाज चढवला नव्हता. पुढं पोचलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. यशोदा सूप मांडीवर घेऊन बसून राहिली. सकाळपासूनचा तो संताप — डबड्यावरचा, सुनेवरचा, टाचणीवरचा — आता धरायला गेलं तर हाती लागेना. इतकी वर्षं तिला कधी नको म्हणावं लागलंच नव्हतं. तिच्या वतीनं भिंतींतला चुना आणि दगड ‘नको’ म्हणत होते, आणि ती त्यालाच आपलं स्वातंत्र्य समजत होती. फसवलं कुणी? कुणीच नाही, आणि हेच जास्त चीड आणणारं होतं. ‘मला नकोय’ — तिनं ते पुन्हा एकदा, ओठ न हलवता म्हणून पाहिलं. नवी चप्पल टाचेला लागते तसं ते लागत होतं. काढून ठेवावंसं मात्र वाटत नव्हतं.