चढावरची ऑइलपट्टी

मी एक जुनी ऑइलपट्टी आहे. मित्रांनो, मी सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. हत्यारांच्या डब्यात माझ्या शेजारी लोळणाऱ्या फडक्याचाही बसत नाही, आणि ते तर जन्मभर माझं तोंड पुसत आलंय. पण एका लग्नाच्या दिवशी अख्ख्या गल्लीने मोटार उचलून धरली होती, ती फक्त माझं म्हणणं नीट कळावं म्हणून!

मी म्हणजे हातभर पोलादी काडी. वर बोट अडकवायला कडी, खाली दोन खुणा. ऑइल वरच्या खुणेला टेकलं की इंजिन खूश. खालच्या खुणेच्याही खाली गेलं, की त्याच्या घशाला कोरड पडते. कारखान्यातून निघाले ती थेट उस्ताद नाबोर यांच्या पांढऱ्या वोचो टॅक्सीत आले. वोचो म्हणजे भुंग्यासारखी गोल मोटार, इंजिन पाठीत.

आमचं ताश्को गाव डोंगराला लोंबकळतं. टेबलावर लिंबू ठेवलं, तर ते शेजारणीच्या सरबतात जाऊन पडतं. सपाट जागा काय ती एकच, चर्चसमोरचा चौक. नाबोरची बायको दोमितिलाबाई दर शनिवारी टॅक्सी तिथे न्यायला लावायची. इंजिन बंद करून निवू द्यायची, मला ओढायची, पुसायची, पुन्हा बुडवायची आणि उजेडात धरून म्हणायची, "आज हिचा चेहरा उतरलाय. ओता थोडं." इतक्या प्रेमाने कोण बघतं हो एखाद्या काडीकडे? त्या बाईचे उपकार फिटायचे नाहीत.

मग आला तो गुरुवार. भाची अरासेलीचं लग्न खिंडीपलीकडच्या गावात होतं. ती नटूनथटून वोचोत बसली होती. नाबोरने गल्लीतच, चढावर, मला ओढून पाहिलं.

"काठोकाठ आहे! चला."

"काठोकाठ म्हणे!" दोमितिलाबाई कडाडली. "गाडीचं नाक आभाळात. सगळं ऑइल मागे पट्टीपाशी गोळा झालंय. खिंडीत इंजिन जाम झालं, तर लग्नही बुडेल आणि टॅक्सीही!"

"चौकात जत्रेची दुकानं लागलीत. सपाट जागा काय तुझ्या बापाकडून आणू?"

"माझ्या बापाचं नाव काढू नका. त्याच्या गाढवाला कधी ऑइल लागलं नाही!"

"मामा," आतून अरासेली ओरडली, "भांडण संपेपर्यंत नवरा म्हातारा होईल!"

समोर क्रेसेन्सिया मावशीची खाणावळ. गुरुवार म्हणजे पोसोलेचा दिवस, त्यामुळे मक्याचा तो हिरवा रस्सा ओरपायला तोबा गर्दी. मावशी पळी घेऊन बाहेर आली.

"अरे, गाडी सपाट जागी जात नाही, तर गाडीच सपाट करा की!"

तिने पोसोलेने भरलेला वाडगा वोचोच्या टपावर ठेवला. गिऱ्हाइकांनी चमचे खिशात कोंबले आणि गाडीचा मागचा भाग उचलला, नवरीसकट!

"अजून वर! रस्सा मागे कलतोय!" मावशी वाडग्याकडे बघत ओरडली.

"अरे बास, आता पुढे सांडला! माझ्या टोपीवर त्यातला मुळा पडला!" पुढे उभं एक गिऱ्हाईक किंचाळलं.

"हं, थांबा! रस्सा चारी कडांना सारखा लागलाय. हलू नका!"

दोमितिलाबाईने मला पुसलं, बुडवलं, ओढलं. माझं फक्त टोक ओलं होतं. नाबोरने टोपी काढली आणि बायकोसमोर मान खाली घातली. मग डबा आणून त्याने थोडं थोडं ऑइल ओतलं, मध्ये थांबून दोनदा मला विचारलं, आणि वरच्या खुणेशी हात आवरला. तोवर पंधरा माणसांनी गाडी तोलून धरली होती, सोडली कुणीच नाही. आजही त्यांची आठवण आली की माझी कडी गरम होते.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीतही माझी एक बहीण अंधारात बसलेली आहे. तिला अधूनमधून बाहेर काढा. सपाट जागी, इंजिन निवल्यावर, तोंड पुसून विचारा. ती खरं तेच सांगेल.

आणि पुढचं तर ऐका! लोकांना एवढा जोर चढला, की त्यांनी वोचो खाली ठेवलीच नाही. नवरीसकट, वाडग्यासकट खांद्यावर घेतली, खिंड ओलांडली आणि थेट पाद्रीबाबांच्या दारात—

"खोटारडे!" फडकं ओरडलं. "खिंड चढली ती आपल्या इंजिनाने, एकदाही न खोकता! खांद्यावरूनच न्यायची होती, तर एवढं ऑइल कशाला ओतलं गं?"