कोंडवाडी रस्त्याची वाढीव लांबी

वाळिबा कडलगाचा फायदा असा होता: रस्त्याची वाढलेली लांबी त्याच्या परड्यात पडली, तर दोन गुंठ्यांचं परडं दुपारच्या आत चार किलोमीटर लांब होणार होतं. त्याने हे बोटांवर मोजून ठेवलं होतं, आणि मोजणीत चूक नव्हती.

आमच्या तालुक्यात बर्फ पडला की रस्ते लांब होतात. बोटभर बर्फाला एक किलोमीटर, असं प्रमाण आहे. त्या पौषात सतरा बोटं पडला आणि कोंडवाडीचा अकरा किलोमीटरचा रस्ता अठ्ठावीसचा झाला. मी रस्ते विभागातला मोजणीचा कारकून. टेप घेऊन मशिनीबरोबर जायचं, कुणाच्या दारात किती लांबी पडली ते लिहायचं, सही घ्यायची.

मशिन म्हणजे ग्रेडर, पुढे लोखंडी पातं. चालवायला गोदूबाई टर्ले. त्यांना अख्खा तालुका मावशी म्हणतो, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. पात्याने बर्फ निघतो तसा त्याखालचा वाढीव रस्ताही निघतो, आणि तो कडेच्या घरात ढकलावा लागतो. लांबी वितळत नाही. ती कुणाच्या तरी घरी राहते.

आमच्याकडे पाळी शेपटाकडून लागते, कालव्याच्या पाण्याला लागते तशी. पातं वर उचलून शेवटच्या घरापर्यंत जायचं आणि तिथून खरवडत परत यायचं. वाटेतले लोक दारात उभे राहून म्हणतात, "मावशे, आलीच आहेस तर टेकव की जरा." गोदूमावशी म्हणतात, "परतताना." गेल्या तेवीस हिवाळ्यांत त्यांनी पातं एकदाही आधी टेकवलेलं नाही. मी माणसं ओळखण्यात फारसा चुकत नाही. या बाईत मला आजवर खोट सापडलेली नाही, आणि मी शोधली आहे.

दुसरा नियम असा की शेवटचं घर आधीच लांब असतं, म्हणून त्याला आणखी लांबी द्यायची नाही.

त्या दिवशी शेवटचं घर तळप्यांचं होतं. त्यांची वैजयंता उजाडायच्या आधीपासून दारात उभी होती. पायात भावाचे बूट, पुढे चिंध्या कोंबलेले. पोलीस भरतीचं मैदान रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला होतं. दहाला हजेरी, मग आठशे मीटर धावणं. मार्चमध्ये तिचं वय उलटत होतं, म्हणजे पुन्हा हजेरी नव्हती.

"बस माझ्याशेजारी," मावशी म्हणाल्या. "खाल्लंस का काही?"

"दोन केळी."

"एक मला ठेवायची होतीस."

वाटेतल्या वीस घरांनी अर्धा-अर्धा किलोमीटर घेतला. कुणी कुरकुर केली नाही असं नाही, पण घेतला. एका घरात ओसरीपासून चूल अर्धा किलोमीटर आत गेली, तर सुनेने भाकऱ्या कॅरिअरला बांधून सायकलवरून बाहेर आणल्या. सासरा म्हणाला, "गार झाली." सून म्हणाली, "मग आत येऊन राहा." मी सही घेतली.

साडेनऊला वाळिबाचं घर आलं, वनखात्याच्या हद्दीला लागून असलेलं. तो कोपऱ्यापर्यंत चालत आला होता.

"मावशी, तुमचं ओझं हलकं करतो. हद्दीपर्यंतचे चारही किलोमीटर माझ्या परड्यात टाका. शेजाऱ्यांना कशाला त्रास?"

"वाळिबा, लांबीसंगं रुंदी येत नसते."

"आधी लांबी तर येऊ द्या."

लांबी देताना तीनदा विचारायचं असतं. त्यांनी तीनदा विचारलं, त्याने तीनदा हो म्हटलं. मावशींनी पातं तिरकं धरलं आणि चार किलोमीटर परड्यात लोटले. परडं क्षितिजापर्यंत गेलं. दोन गुंठे मात्र दोन गुंठेच राहिले. मिरचीची रोपं एकामागे एक अशी एका रांगेत उभी राहिली आणि शेळी पार पलीकडच्या टोकाला गेली. वाळिबा आडवा होऊन आत शिरला.

"भाऊसाहेब, मोजा."

"लांबी चार किलोमीटर. रुंदी तीन बोटं."

"लांबी आधी लिहा," तो म्हणाला. आवाजात समाधान होतं.

पुढे जंगल. उरलेली वाढ तीन किलोमीटर, आणि दोन्ही बाजूंना एकही दार नाही. मावशींनी मशिन थांबवलं. पावणेदहा झाले होते.

"झाडं घेतील का?" मी खाली उतरून विचारलं.

"झाडं लांबी घेत नाहीत. त्यांचा सगळा कारभार उंचीत."

वैजयंता म्हणाली, "माझ्यात टाका. मला तसंही पळायचंच आहे. आठशेच्या जागी अडतीसशे."

"पळशील गं. पण घड्याळ आठशेचंच लावतील." मावशींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आणि शेवटच्या घराला द्यायची नसते." मग रस्त्यावर कोण उभं आहे ते त्यांनी पाहिलं. मी उभा होतो, हातात टेप.

"भाऊसाहेब, घेता का?"

"मला पावणेसहाला हजेरी लावायची असते."

"घेता का?"

"गुडघे दुखतात, मावशी."

त्या थांबल्या. घाई केली असती तर मी नाही म्हटलं असतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. वैजयंता वाकून बुटातल्या चिंध्या दाबत होती.

"घेता का?"

"टाका," मी म्हणालो.

मावशींनी पातं इतक्या हलक्या हाताने आणलं की विजारीची इस्त्री मोडली नाही. तीन किलोमीटर माझ्यात आले. खांदे एकामागे एक गेले. खिसा पेनाच्या मागे गेला. समोर पट्टीएवढा दिवस उरला आणि त्या पट्टीत, थेट दुसऱ्या टोकाला, मैदानाचं फाटक होतं. मशिन तिथे पोचलेलं होतं. एक मुलगी उडी मारून उतरली आणि आत गेली.

बऱ्याच वेळाने मावशींचा आवाज आला. "घेतली आत. नऊ अठ्ठावन्न."

मी वही उघडली. वीस घरांनी मिळून दहा. कडलग वाळिबा, चार. मोजणी कारकून, तीन. एकूण सतरा, बरोबर. तळपे वैजयंता, शेवटचं घर, यांच्यापुढे 'निरंक' लिहायचं राहिलं होतं. मैदानावर शिट्टी वाजली. मी पेन टेकवायला घेतलं. कागद पावणेतीन किलोमीटर पुढे होता, आणि पेनाचं टोक त्याच्याकडे निघालं होतं.