सनईआधीचा श्वास

रुपरावांनी सुई तबकडीवर अलगद टेकवली, उजवा हात आवाजाच्या बटणावर ठेवला आणि डाव्या हाताने पंखा बंद करायची खूण केली.

पंखा थांबला तसा ऑक्टोबरचा उकाडा दुकानात येऊन बसला. मालक मनोहररावांनी काचेचं दारही लोटून घेतलं, म्हणजे सदर बाजारातल्या रस्त्यावरचे हॉर्न जरा दूर गेले. कोपऱ्यातल्या स्टुलावर रुपरावांच्या पत्नी सिंधूताई पदराने गळा पुसत होत्या. पहाटे पाचपासून मुलींच्या वसतिगृहात पोळ्या लाटून त्या थेट इथे आल्या होत्या. टाचा ठणकत होत्या, आणि रेकॉर्ड वाजवायची ही अजून दुसरीच मशीन होती.

तबकडीची खरखर सुरू झाली. मग सनई वाजली. रुपरावांनी बटण फिरवलं, दोन क्षण ऐकलं आणि सुई उचलली.

"नाई जमत. हिच्यातबी श्वास नाई येत."

मनोहररावांनी रुपरावांकडे पाहिलं, मग मशीनकडे. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हा त्यांचा वडिलोपार्जित नियम होता.

"सुईची दांडी बघा ना हिची, किती हलकी आहे. रेकॉर्ड घासत नाही. पहिलीपेक्षा शंभर जास्त, पण सहाशेच्या आतच बसते तुमच्या."

"दांडीचं लगन लावाचं हाय का मले? श्वास आला पायजे."

रुपराव पाचपावली वस्तीतले लाउडस्पीकरवाले. धम्मदीक्षेच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी पहिला भोंगा घेतला, त्याला आता बावीस वर्षं झाली होती. वस्तीतल्या निम्म्या संसारांची सुरुवात त्यांच्या भोंग्याखाली झाली होती, आणि ज्यांचे संसार नीट चालले नाहीत ते त्याचा दोष भोंग्यालाच देत. ही सनईची रेकॉर्ड पहिल्यापासूनची. लेबलावरचं वादकाचं नाव केव्हाच पुसून गेलं होतं. पण सनई सुरू होण्याच्या जरा आधी, खरखरीतून, त्या माणसाने घेतलेला श्वास ऐकू येई. त्या श्वासावर रुपरावांचं सगळं काम उभं होतं. मांडवात वंदना संपली आणि नवरानवरी हार घेऊन समोरासमोर आले की ते आवाज पार खाली ठेवून रेकॉर्ड लावत. श्वास आला की बटण फिरवत. मग सनईचा पहिलाच सूर भरल्या आवाजात मांडवावर पडे, त्याच क्षणी हार गळ्यात, त्याच क्षणी फुलं. त्यांच्या मुलीच्या, जयाच्या लग्नातही बापाने डोळे पुसता पुसता श्वास पकडला होता.

गेल्या उन्हाळ्यात मात्र हात दोनदा चुकला. दुसऱ्यांदा तर हार गळ्यात पडून गेले तरी सनई चिलटासारखी कुणकुणत राहिली, आणि नवरीचा मामा भर मांडवात म्हणाला, "बुढ्याले झोप लागली काय?" तेव्हापासून रुपराव मशीनच्या मागे लागले. सुई बदलली, मोटरला तेल दिलं, रबरी पट्टा नवा आणला. शेवटी म्हणाले, मशीनच म्हातारी झाली. येत्या रविवारी मोठं लग्न होतं. तिथे चुकलं असतं तर वस्तीने दुसरा लाउडस्पीकरवाला पाहिला असता. रुपरावांना दुसरं काहीच करता येत नव्हतं.

सिंधूताईंना नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. बावीस वर्षांत या माणसाने साधी वायर आणायलाही त्यांना सोबत नेलं नव्हतं. काल मात्र जेवता जेवता म्हणाला, "तूबी चाल."

"काहून? मले काय समजते त्यातलं?"

"चाल म्हनलं ना."

आणि खरं म्हणजे इथे आल्यावर पहिल्याच मशीनवर, सगळ्यांत स्वस्त होती तिच्यावर, सिंधूताईंना श्वास ऐकू आला होता. झालं, बारापर्यंत घरी, असं त्यांच्या मनात आलं, तोच रुपरावांनी नाही म्हणून मान हलवली. आपल्याच ऐकण्यात काही चुकलं असेल, असं म्हणून त्या गप्प बसल्या. दुसऱ्या मशीनवरही श्वास आला. आता त्यांना नवऱ्याचा राग यायला लागला. या माणसाला साधी भाजी आणायला पाठवलं तरी चार वांगी चार दुकानांत दाबून बघायचा.

मनोहररावांनी तिसरी मशीन पुढे ओढली. तबकडी ठेवायची हिची थाळी जड होती. मोटरची घरघर रेकॉर्डमध्ये उतरत नाही, असं ते समजावत होते. रुपराव मान डोलावत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. कपाळावरचा घाम भुवयांत उतरला होता. त्यांनी सुई ठेवली, बटणावर हात ठेवला.

खरखर. मग श्वास.

सिंधूताईंनी सहज वर पाहिलं, आणि रुपराव त्यांच्याकडेच बघताना दिसले. सुईकडे नाही, तबकडीकडे नाही, बायकोच्या तोंडाकडे. परीक्षेला बसलेलं पोर शेजारच्याच्या पाटीकडे बघतं, तसे. सनई सुरू झाली तेव्हा ते दचकले, आणि मग त्यांचा हात फिरला.



दोन वर्षं. दोन वर्षं त्या या माणसाला पाठीमागून हाका मारत होत्या आणि तो वळत नव्हता. पोळ्याच्या दिवशी त्यावरून भांडण झालं, तेव्हा त्या चार दिवस बोलल्या नव्हत्या. "तुया बाप घुम्या झाला, म्हातारपनी माज चढला त्याले," असं त्यांनी जयाला सांगितलं होतं. बावीस वर्षं भोंग्याच्या बुडाशी बसलेला माणूस. हे आपल्याला कसं सुचलं नाही, याची त्यांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्या चार दिवसांची.

"हीबी नाई," रुपराव म्हणाले.

मनोहररावांनी वरच्या फळीवरून एक मोठी मशीन उतरवली. झाकण काचेसारखं स्वच्छ होतं, दांडी चांदीसारखी चमकत होती.

"ही तुम्ही घेऊ नका, रुपरावजी. हजाराच्या वरची आहे. पण एकदा ऐका. हिच्यावर नाही आला, तर तुमच्या रेकॉर्डमध्येच श्वास राहिला नाही असं समजा."

रुपरावांनी तबकडी शर्टाच्या आतल्या बाजूने पुसली आणि दोन्ही हातांनी ठेवली. सुई टेकली. या मशीनवर खरखरही जवळजवळ नव्हती. आणि मग श्वास असा आला, की सिंधूताईंना वाटलं कुणी स्टुलामागेच येऊन उभं राहिलं. सनईवाला नाकाने श्वास घेत होता, त्यात थोडी सर्दी होती, हेसुद्धा कळत होतं. मनोहररावांच्या तोंडावर हसू फुटलं.

रुपरावांचा हात बटणावर तसाच होता.

सनई वाजली, वर चढली. तेव्हा कुठे हात फिरला.

"अहो रुपरावजी," मनोहरराव म्हणाले, "श्वास तर चांगला..."

"भाऊ," सिंधूताई एकदम म्हणाल्या, "थोडं पानी भेटंन का जी? जीव घाबरा झाला माया."

मनोहररावांनी एकदा सिंधूताईंकडे पाहिलं, एकदा रुपरावांकडे, आणि ते पाणी आणायला आत गेले.

रुपरावांनी सुई उचलली. तबकडी फिरत राहिली. ते येऊन बायकोच्या समोर उभे राहिले.

"आला का?"

सिंधूताई फरशीकडे बघत होत्या. मग त्यांना आठवलं, की तोंड खाली घालून बोललेलं याला कळत नसेल. त्यांनी मान वर केली.

"आला."

"पह्यलीवर?"

खोटं बोलायचं ठरवूनही त्यांना ते जमलं नाही. "पह्यलीवरबी आला होता."

रुपरावांनी मान हलवली. तबकडी थांबवली, उचलली, तिच्या जुन्या खोक्यात घातली, खोका दोनदा सारखा केला.

"मले वाटलं," ते म्हणाले, "महागाच्या मशिनीवर तरी येईन."

मग म्हणाले, "म्हनून तुले आनलं. तुया तोंडावर सारं दिसते."

मनोहरराव पाणी घेऊन आले. सिंधूताई अर्धा पेला प्यायल्या आणि उरलेला त्यांनी नवऱ्यापुढे केला.

"पह्यलीच बांधून द्या, भाऊ," रुपराव म्हणाले.

एवढा वेळ खाऊन सगळ्यांत स्वस्त मशीन नेणाऱ्या गिऱ्हाइकाला मनोहररावांनी एरवी मनातल्या मनात दोन शब्द ऐकवले असते. आज त्यांनी स्वतः सुतळी बांधली आणि खोकं रिक्षापर्यंत आणून दिलं.

सायकलरिक्षात खोकं दोघांच्या मांड्यांवर आडवं बसलं. ऊन डोक्यावर आलं होतं. रिक्षावाला घाईत होता.

"धीरं चाल गा," रुपराव त्याला म्हणाले. "नवी मशीन हाय."

सदर बाजार मागे पडला. मग रुपराव समोर बघतच म्हणाले, "रविवारी सुट्टी भेटंन का तुले?"

"भेटंन. काहून?"

"माह्याजवळ बसजो मशिनीपाशी. श्वास आला का कोपराले हात लावजो. लोकायले काई समजत नाई."

"लावीन," सिंधूताई म्हणाल्या, आणि मानही हलवली.

रुपराव खोक्यावरच्या सुतळीची गाठ बोटाने चाचपत राहिले. रिक्षा वळली तेव्हा त्यांनी विचारलं, "अन् घरच्या मशिनीवर? तिच्यावर येत होता काय?"

सिंधूताईंना परवाची सकाळ आठवली. त्या स्वयंपाकघरात तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. बाहेरच्या खोलीत हे जुन्या मशीनशी झटत होते, पुन्हा पुन्हा तीच रेकॉर्ड लावत होते, मशीनला शिव्या देत होते. आणि प्रत्येक वेळी डाळीच्या सुपापर्यंत तो श्वास स्वच्छ येत होता.

"नाई," त्या म्हणाल्या.

शेजारून बस हॉर्न देत गेली. रुपरावांनी डोकं त्यांच्याकडे झुकवलं.

"आं?"

सिंधूताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तोंड कानाशी नेलं आणि ओरडून सांगितलं, "नाई म्हनलं! ते मशीन मेलीच होती!"

रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं.

"मंग घेतली ते बरंच झालं," रुपराव म्हणाले, आणि त्यांनी खोकं जरा आपल्याकडे ओढून घेतलं, म्हणजे बायकोच्या मांडीवर भार कमी पडेल.