हिरवी सफरचंदं

दारावर फुगे बघून डेल ओस्टरमनला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच्याच खोलीपाशी आलो. बोटीवरचा तो बोळ होताही तसाच, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच तोंडवळ्याची दारं. पण फुग्यांच्या मधल्या सोनेरी पट्टीवर त्याचंच नाव होतं. 'लग्नाचा विसावा वाढदिवस. जोलीन आणि डेल.' आत दोन पलंग जोडून एक केलेला, आणि त्यावर टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसलेले.

जोलीन ऑक्टोबरात गेली. ही सफर तिनेच ठरवली होती, आजाराचा मागमूसही नव्हता तेव्हा. आयोवाच्या बर्फातून उठायचं आणि भर फेब्रुवारीत कॅरिबियनला जायचं, नवराबायकोनंच, हे तिचं कित्येक वर्षांचं टुमणं. ती गेल्यावर डेलने कंपनीला फोन करून तिच्या जागी मुलीचं नाव घातलं. दाराच्या सजावटीचंही जोलीन आधीच सांगून बसली होती, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

मुलगी ब्रिन, सोळा वर्षांची, पाठीवर पिशवी घेऊन दारासमोर उभी होती. तिने पट्टी वाचली, मग पुन्हा वाचली. डेलने हंस उचलले, झटकून त्यांचे पुन्हा टॉवेल केले, जोडलेले पलंग वेगळे केले आणि चूक झाली असेल त्यांची, मी काढायला सांगतो, असं काहीतरी पुटपुटला. ब्रिन वर डेकवर निघून गेली. थोड्या वेळाने स्वेटर विसरला म्हणून आली, मग गॉगल विसरला म्हणून, मग आणखी कशाला तरी. पोरीला त्या फुग्यांची लाज वाटत असणार, असं डेलने धरलं. माणूस धरून चालतो ते बहुधा स्वतःच्या सोयीचं असतं, आणि डेल तर या कामात वस्ताद.

खरं म्हणजे ही सफर ही त्याची शेवटची खटपट होती. जानेवारीत एकदा जेवता जेवता ब्रिनने सांगितलं होतं की शाळेची उरलेली वर्षं तिला डुलूथला पेग मावशीकडे राहून करायची आहेत. डेल हिवाळाभर रस्त्यांवरचा बर्फ सारायचा ट्रक चालवायचा. वाटेत आलेलं बाजूला सारून पुढं जायचं, एवढंच त्याला येत होतं. आधी सफर करून येऊ, मग ठरव, असं तो म्हणाला. ती "बरं" म्हणाली. तेवढ्या एका 'बरं'वर बाबाने मनातल्या मनात बरेच मांडे खाल्ले. दोघं डेकवर बसतील, बोलतील, आणि टॅम्पाच्या बंदरात परत उतरताना पोरगी आपणहून म्हणेल, राहते मी.

जेवणघरात खिडकीजवळचं दोघांचं टेबल त्यांना नेमून दिलेलं होतं. रोज तेच टेबल आणि तोच वाढपी, बालीचा वायान. पहिल्याच संध्याकाळी ब्रिनने फोनवर कळवलं की ती वर पोरांबरोबर पिझ्झा खाते आहे. वायानने समोरची खुर्ची ओढून धरली होती.

"वीस वर्षं! अभिनंदन, साहेब. बाईसाहेब येतायत ना?"

खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. पण शेजारच्या टेबलावरचं जॉर्जियाचं म्हातारं जोडपंही कौतुकाने वळून बघत होतं. डेलची जीभ अडखळली आणि भलतंच बोलून गेली. "तिला बोट लागलीय. खोलीत पडून आहे."

तो जेवून खोलीत परतला तर टेबलावर बशी हजर. हिरवी सफरचंदं, खारी बिस्किटं आणि आल्याचा चहा. बोटीवर कुणाला मळमळलं की त्यांचा हाच उतारा. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी त्याची गत झाली. ब्रिनच्या नजरेला पडू नये म्हणून त्याने सफरचंदं एकामागून एक खाऊन टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी बोळात जॉर्जियाच्या आजी भेटल्या, पट्टीकडे बोट दाखवून म्हणाल्या, कशी आहे हो आमची नवरी? डेलने त्या वळताच पट्टी ओढून काढली, फुगे फोडले आणि सगळं कचऱ्यात टाकलं.

पण बोललेलं कचऱ्यात टाकता येत नाही. वायान रोज विचारायचा आणि डेल रोज सांगायचा. आज जरा बरी आहे. आज सूप घेतलं. हळूहळू तो न विचारताच सांगायला लागला. तिला कॉफी बिनदुधाची लागते. गाडीत ती मोठ्याने गाते आणि निम्मे शब्द चुकवते. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत तो बोलायचा, आणि खोटं बोलतोय याची लाज वाटायची तशीच बरंही वाटायचं. ऑक्टोबरपासून तिच्याबद्दल तो कुणाशी इतकं बोलला नव्हता.

मुलीशी बोलणं मात्र होत नव्हतं. कोझुमेल बेटावर दोघं एकत्र उतरली, तेव्हा ती कानात इअरफोनची बोंडं घालून चार पावलं पुढं चालत होती. एकदा त्याला ती डेकवरच्या पोहायच्या तलावाकाठी पोरांच्या घोळक्यात दिसली, मान मागे टाकून हसत होती. ते हसणं त्याने घरी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. आपण जवळ गेलो की ते थांबेल, हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून तो खांबाच्या आड उभा राहिला आणि ऐकत राहिला. बोटीवर हजारो माणसं होती आणि त्याला फार एकटं वाटलं.

परतीच्या आदल्या दुपारी तो खोलीत पडला होता. दार उघडलं आणि ब्रिन आत आली. तिच्या हातात बशी होती.

"खोली आवरणाऱ्याने दिली," ती म्हणाली. "आईसाठी आहे म्हणे. बरं वाटतंय का तिला, असं विचारत होता मला."

डेल उठून बसला. त्याने सगळं सांगून टाकलं, वायान, आजी, बोट लागली ते. ती ओरडेल म्हणून त्याने मान खाली घातली होती. ब्रिन ओरडली नाही. बशी मांडीवर घेऊन समोरच्या पलंगावर बसली.

"म्हणजे इथं ती आजारी आहे. आणि घरी तर ती जणू कधी नव्हतीच."

"असं काय बोलतेस, ब्रिन?"

"मग काय बोलू? तिला पुरून आठवडा नाही झाला तर तू कपाट रिकामं केलंस. मी शाळेतून आले तर नुसते हँगर. तिचा निळा स्वेटर मी चर्चच्या दुकानातून विकत आणला, बाबा. स्वतःच्या आईचा स्वेटर." ती थांबली. "दारावरची पट्टी पण तूच काढलीस ना?"

"मला वाटलं, तुला लाज वाटतेय."

"मी ती बघायला सारखी खाली येत होते. दोघांची नावं शेजारी शेजारी होती. आता तशी कुठं असतात?"

ती बशी ठेवून निघून गेली. जोलीनचं सामान डोळ्यांपुढं नको म्हणून डेलने घर आवरलं होतं, ते मुलीच्या डोळ्यांपुढूनही गेलं, हे त्याला आत्ता दिसत होतं. मग तो उठला आणि खोली आवरणाऱ्याला शोधून पट्टीचं विचारलं. कचरा केव्हाच बोटीच्या तळाशी गेला होता. तो खाली कचेरीत गेला. नवी पट्टी आता होणार नाही, असं तिथल्या मुलीने सांगितलं. मग तिने विचारलं, आज रात्रीच्या जेवणाला केकही सांगून ठेवलाय, तोही रद्द करायचा का?

"नको," डेल म्हणाला. "केक राहू दे."

शेवटच्या संध्याकाळी ब्रिन येईल की नाही, याची त्याला खात्री नव्हती. सूप गार होईपर्यंत तो वाट बघत बसला. ती आली ती बाह्या दुमडलेला निळा स्वेटर घालून, आणि समोर बसली. शेजारच्या आजींनी लगेच वळून विचारलं, "ही लेक वाटतं? आणि आई कशी आहे आता?"

वायान ताटल्या घेऊन तिथंच उभा होता. डेलने चमचा खाली ठेवला.

"ती ऑक्टोबरात वारली," तो म्हणाला. "मी इतके दिवस तुमच्याशी खोटं बोललो. ही आमची मुलगी, ब्रिन."

आजींनी हात पुढं करून त्याचं मनगट धरलं आणि सोडलं. वायान आत गेला. असल्या केकबरोबर एरवी सगळे वाढपी रुमाल फिरवत, गाणं म्हणत येतात. तो एकटाच आला आणि केक मधोमध ठेवून गेला. पांढऱ्या साखरेवर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, जोलीन आणि डेल.

दोघांनी कडेकडेने खाल्लं. नावांना दोघांनीही काटा लावला नाही. डेलने तिला तिच्या आईच्या गाण्याचं सांगितलं, आणि ब्रिनने ते चुकीचे शब्द त्याला म्हणून दाखवले. तिला सगळे पाठ होते. ती हसली, आणि आता ती राहते म्हणेल, असं डेलला वाटलं.

"मी जाणारच आहे, बाबा," ती म्हणाली. "मावशीला सांगितलंय. ऑगस्टमध्ये."

डेलने मान हलवली. तो पाणी प्यायला.

"तू माझी खोली आवरू नकोस," ती म्हणाली. "मी गेल्यावर. कपडे पडलेले असले तरी. अंथरूणसुद्धा नीट करू नकोस."

"नाही आवरणार."

"खरंच?"

"हात लावणार नाही."

आजूबाजूची टेबलं रिकामी होत होती. वायान ताटल्या उचलायला आला आणि त्याने उरलेल्या केककडे हात नेला. डेलने त्याचा हात अडवला.

"राहू द्या," तो म्हणाला. "असू दे तसंच, थोडा वेळ."