मेडशीचं एकुलतं घुबड

एसटीतून निवृत्त झाल्यावर देवमन तायडे यांना विज्ञानाची सेवा करायची संधी चालून आली. पुण्याच्या एका संशोधन संस्थेच्या मॅडम मेडशीत आल्या, त्यांच्या मोबाइलवर अ‍ॅप टाकून दिलं आणि म्हणाल्या, "घुबड दिसलं की फोटो पाठवायचा. आजपासून तुम्ही नागरिक शास्त्रज्ञ." वर एक टोपीही दिली. देवमन ती घालूनच जेवायला बसले.

विहारामागच्या पिंपळावर एक घुबड होतं. देवमननी त्याचा फोटो पाठवला. टोपीच्या आशेनं शेजारच्या राजपालनं पाठवला, मग सपनानं, मग तिच्या सासूनं. बघता बघता अख्खं गाव शास्त्रज्ञ झालं. घुबड बिचारं एकच. पण झोपलेलं, चिडलेलं, पाठमोरं असं शेकडो वेळा पुण्याला पोचलं.

दिवाळीच्या सुमारास अहवाल आला. मेडशी म्हणजे घुबडांचं माहेरघर! आणि एवढी घुबडं असल्यावर उंदीर उरतीलच कसे? म्हणून उंदरांच्या बंदोबस्ताच्या योजनेतून गावाचं नाव वगळलं.

उंदरांनी कुरतडलेलं पोतं भागिरथाबाईंनी नवऱ्यापुढं, म्हणजे देवमनपुढं, आणून आपटलं. "तुमचा अहवाल म्हन्ते उंदीर नाहीत. मंग सोयाबीन काय मी खाऊन राह्यली?"

देवमनना अन्न गोड लागेना. तेवढ्यात वाशीमला 'लोकसहभाग आणि संशोधनाचं भविष्य' अशी परिषद भरली. तिथं लोक म्हणून त्यांनाच बोलावलं होतं. उद्या प्रत्येक शेतकऱ्याच्या खिशात प्रयोगशाळा असेल, असं पाहुणे सांगत असतानाच देवमन उभे राहिले.

"माफ करा, पन गावात घुबड एकच हाय. आमी साऱ्यायनं त्याचेच फोटू काढले."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. केवढा हा प्रामाणिक सहभाग!

"टाळ्या कायले वाजवता? अहवाल दुरुस्त करा ना."

"काका," मॅडम गोड हसल्या, "तुम्ही फक्त निरीक्षण पाठवायचं. निष्कर्ष आम्ही काढतो. एका माणसाच्या म्हणण्यावर एवढी माहिती रद्द कशी करायची?"

"अवो, ते माहिती आमीच तर धाडली!"

त्यांना शाल देऊन खाली बसवण्यात आलं.

घरी हे ऐकून भागिरथाबाईंनी गल्लीतल्या बायका जमवल्या. घराघरांतून उंदरांचे फोटो गेले: पोत्यावरचे, चुलीमागचे, पाळण्याच्या दोरीवरचे. थोड्याच दिवसांत मॅडमचा फोन आला. आनंद आवाजात मावत नव्हता.

"काका, घुबडांना खाद्य किती मुबलक आहे तुमच्याकडे! प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली."

भागिरथाबाईंनी फोन ओढून घेतला. "बाई, एक डाव तुमीच या. माह्या कोठीत पोत्यावर बसा, अन् मंग लिहा."

मॅडम म्हणाल्या, प्रत्यक्ष भेटीची प्रकल्पात तरतूद नाही.

दुसऱ्याच दिवशी देवमन शिरपूरला मेहुणीकडे गेले आणि पिशवीत एक मांजर घेऊन आले. भागिरथाबाईंनी आधी तिला वाटीभर दूध पाजलं, मग कोठीचं दार उघडून दिलं.