चिंचेने उजळलेला शिकारी कुत्रा

मी ब्राँझचा शिकारी कुत्रा बोलतोय. घाबरू नका, भुंकत नाही मी. उंचीने वीतभर, पुढचा एक पाय उचललेला, नाक समोर रोखलेलं, शेपूट ताठ. आमच्या जातीचं कामच ते. झुडपात पक्षी दिसला की जागच्या जागी थबकायचं आणि मालकाला दिशा दाखवायची. मला ओतणाऱ्या कारागिराने उचललेला हा पाय मी अजून जमिनीला टेकवलेला नाही.

जन्म साता समुद्रांपलीकडचा. बोटीवरच्या कुण्या साहेबाच्या टेबलावर बसून इकडे आलो आणि साहेब गेल्यावर उरणजवळ मोऱ्याला एका कोळ्याच्या घरी राहिलो. तिथे मी दार अडवून धरायचो. खारा वारा, सुक्या मासळीचा वास, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात-पाय, या सगळ्यांनी मिळून माझ्या अंगावर काळसर तपकिरी रंग चढवला. शालीसारखा होता तो. एवढं एकच माझं म्हणावं असं होतं.

बंदरातल्या नोकरीच्या दिवसांत उदयसिंहांनी मला तिथे पाहिलं. त्यांना शिकारी कुत्र्यांच्या जुन्या वस्तू जमवण्याचा नाद. घरातल्या भामाआजींना म्हणाले, "आजी, हा मला द्याल?"

"ने बाला. पन दाराला दुसरा धोंडा आनून दे. वाऱ्यानं दार आपटतंय."

धोंडा मिळाला आणि मी पनवेलजवळ रोडपालीच्या फ्लॅटमध्ये आलो.

तिथे काचेचं कपाट होतं. तोंडात बदक धरलेल्या कुत्र्याची बशी, पळत्या कुत्र्यांची चांदीची डबी, कुत्र्याच्या डोक्याच्या मुठीची काठी. सगळी माझीच जात, पण आमच्यात बोलणं नाही. जो तो आपापल्या शिकारीकडे डोळे लावून. कपाटाला कुलूप. उदयसिंह संध्याकाळी खुर्ची ओढून आमच्यासमोर बसत. त्यांनाही दाखवायला कुणी नव्हतं. शेजारी हसत. मुलगा वरद फोनवर म्हणे, "बाबा, त्यापेक्षा खरा कुत्रा पाळा. निदान शेपूट तरी हलवेल."

मग गेल्या मार्गशीर्षात ठाण्याच्या दमयंतीबाईंचा फोन आला. त्याही असंच जमवणाऱ्या. पुण्याला जाणकारांनी भरवलेलं जुन्या वस्तूंचं प्रदर्शन होतं आणि त्यासाठी त्या मला बघायला येणार होत्या. उदयसिंह त्या दिवशी गुणगुणत होते. मलाही वाटलं, आता आपल्याला ओळखणारी माणसं भेटणार.

दिवस ठरला तो नेमका गुरुवारचा. उदयसिंहांच्या पत्नी सुमतीबाईंचं महालक्ष्मीचं व्रत. आदल्या दिवशी उदयसिंह फळं आणि डहाळ्या आणायला पनवेलच्या बाजारात गेले. जाताना कपाट पुसायला घेतलं होतं, ते घाईत उघडंच राहिलं. सुमतीबाई मोरीत बसून चिंच-मिठाने कलश, ताम्हण, समई घासत होत्या. उठल्या, माझ्याजवळ आल्या.

"पाहुण्या तुला बघायला यायच्या आणि तू असा मळका? चल रे बाबा."

आणि देवाच्या भांड्यांच्या रांगेत त्यांनी मला बसवलं. काय सांगू! इतक्या वर्षांत मला कुणी न्हाऊ घातलं नव्हतं. कानामागे, पोटाखाली, उचललेल्या पायाच्या बेचक्यात, लेकराला चोळावं तसा त्यांचा ओला हात फिरला. तोंडाने देवीचं नाव चालू. अंगावरची शाल पाण्याबरोबर मोरीत वाहून चालली होती आणि मला ते कळलंही नाही. मी सुखात होतो.

उदयसिंह पिशवी घेऊन दारात आले तेव्हा मी नव्या तांब्यासारखा झळाळत होतो.

"बघा तरी, कसा उजळलाय!" सुमतीबाई म्हणाल्या.

त्यांच्या हातातल्या पिशवीतली सीताफळं घरंगळली.

दुसऱ्या दिवशी दमयंतीबाईंनी मला हातात घेतलं, उजेडाकडे धरलं. "अरेरे भाऊ, याची कातडीच सोलली की हो कुणीतरी! तो रंग म्हणजेच तर याचं वय. आता हा कालचा वाटतो." मग स्वयंपाकघराच्या दाराकडे नजर गेली आणि त्या हळूच म्हणाल्या, "वहिनी, शिरा सुरेख झालाय हं." प्रदर्शनासाठी त्या कपाटातली बदकवाली बशी घेऊन गेल्या. मला ठेवून.

रात्री उपवास सोडायला पानं वाढली. उदयसिंह म्हणाले, "मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं. पण तुम्ही तरी कधी कुलूप काढून दाखवलंत का? मला मळच वाटला हो."

मी कपाटातून बाहेर आलो. सुमतीबाईंना मला देव्हाऱ्यात दत्ताच्या पायाशी ठेवायचं होतं. उदयसिंह म्हणाले, "तिथे चारच कुत्रे असतात. पाचवा कशाला?" म्हणून मी बाल्कनीत तुळशीशेजारी आहे.

पण एक झालं. आता रविवारी कपाटाचं कुलूप निघतं. आतून आवाज येतो, "ही डबी कुठली?" "ही होय? ही करंजा बंदरावर मिळाली, त्याची गंमतच आहे..." मग दोघांचं हसणं. मी जाळीपलीकडून ऐकतो. मला आत घ्यायचं कुणाला सुचत नाही.

खाडीवरून खारा वारा येतो. एक पावसाळा गेला. पोटाखाली थोडा रंग धरतोय म्हणे. तो येईल सावकाश, मला घाई नाही.

सुमतीबाई मात्र मला हात लावायलाच घाबरतात. तुळशीला पाणी घालताना थेंब उडू नये म्हणून मला पदराने आडोसा करतात. बाई, तुमच्यावर माझा राग नाही. विनवणी एवढीच. चिंच नको, मीठ नको. तुळशीला नमस्कार करून झाला की तो हात जरा माझ्या डोक्यावर ठेवा. तेवढा ओलावा मला सोसेल.