दुधातली गोळी

काचवालीणबाईंची सकाळ स्वयंपाकघराचं दार लावून घेण्यानं सुरू व्हायची. आधी नळ सोडायचा, म्हणजे आतला आवाज बाहेर जात नाही. मग कागदात गोळी गुंडाळून ओट्यावर ठेवायची आणि वरून चमच्याची पाठ जोरानं दाबायची. गोळीचं पीठ झालं की ते दुधात घालायचं, वर साखर जरा जास्तीची, कारण गोळी कडू. थोरला मुलगा ते दूध एका दमात प्यायचा, ओठ पुसायचा आणि जिना उतरून दुकानात जायचा. आपण काय प्यायलो, हे त्या बापड्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

खाली काच-आरशांचं दुकान आणि वर घर. काचवाले स्वतः तापट गडी, काच कापताना हात हलका आणि माणसांवर पडताना जड. थोरल्याच्या मिसरुडाच्या वयात त्याला भिंतीआडून माणसं बोललेली ऐकू येऊ लागली, तेव्हा बापानं त्याला खाटेला बांधून पट्ट्यानं फोडून काढलं होतं. "नाटकं अशीच उतरतात," असं ते म्हणायचे. नाटकं उतरली नाहीत, पाठीचं कातडं तेवढं उतरलं. शेवटी पोरगा कपाटावर डोकं आपटून रक्तबंबाळ झाला, तेव्हा कुठे त्याला दवाखाना दिसला.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. हा मनाचा आजार आहे, औषधानं आवाक्यात राहतो. गोळी रोज घ्यायची, आपल्या मनानं बंद करायची नाही. नशेपासून लांब ठेवा, गांजा तर या आजाराला आगीत तेल आहे. आणि त्याला स्वतःला सांगा, लहान नाही तो आता.

काचवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पायरी उतरताच फर्मान काढलं, "त्याला कळलं की गावाला कळणार. धाकटीचं लग्न व्हायचंय अजून. झाकली मूठ सव्वा लाखाची!"

तेव्हापासून ही मूठ झाकलेली होती. ताप डोक्यात गेला होता, एवढंच थोरल्याला सांगितलं गेलं. गोळीनं कधी हात थरथरले, तोंडाला कोरड पडली, तर काचेच्या धुळीवर खापर फुटायचं. दवाखान्यातून गोळ्या आणायची आई, कुटायची आई, आणि गप्प बसायचीही आईच.

पुढे थोरल्याचं लग्न ठरलं. मुलगी वेताच्या खुर्च्या विणायची. बोटं अशी चालायची की बघणाऱ्याला वाटावं वेतच आपणहून वळतोय. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मुलाला काही व्यसन वगैरे?" काचवाले छाती काढून म्हणाले, "विडीला शिवलेला नाही!" खोटं नव्हतं ते. खऱ्याच्या आडून खोटं बोलण्यात काचवाल्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आई शेजारीच बसली होती. तिनं मान खाली घातली आणि लोकांना वाटलं, बाई किती शालीन!

लग्नानंतर सून पहाटे सगळ्यांच्या आधी उठली. आई स्वयंपाकघरात शिरते तो दूध तापलेलं आणि पेला भरलेला.

"आई, तुम्ही आता बसा. यांचं दूध मी देत जाईन."

"अगं, राहू दे, मला सवय आहे..."

"तुमची सवय मोडायलाच आलेय मी," सून हसून म्हणाली आणि पेला घेऊन गेली.

आईच्या मुठीत गोळी तशीच राहिली. तिनं नवऱ्याला गाठलं. "अहो, तिला सांगूया. चांगली आहे पोरगी, समजून घेईल."

काचवाल्यांनी तिच्या हातातून पाकीट हिसकावलं, सगळ्या गोळ्या संडासात टाकल्या आणि पाणी सोडलं. "बायको आली ना त्याला? हेच आता औषध. लग्नानं भल्याभल्यांची डोकी ताळ्यावर येतात. परत गोळीचं नाव काढलंस तर तुझं थोबाड फोडीन."

आणि गंमत बघा, दैव कसं दावा साधतं! पहिले काही आठवडे थोरला उजळला. गोळीनं येणारी गुंगी उतरली होती. तो जेवताना बोलू लागला, बायकोची थट्टा करू लागला, एकदा तर शीळ घालत जिना उतरला. "बघितलंस?" काचवाले म्हणाले. "गोळ्यांनीच पोरगा बोथट केला होता." आईलाही ते खरं वाटलं, कारण तिला ते खरं मानायचंच होतं. पोराचं हसू ऐकून तिनं देवाचे आभार मानले. औषध अंगातून उतरायला वेळ लागतो आणि आजार परतायलाही, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

मग त्याची झोप गेली. तो दिवसरात्र काच कापत सुटला, आणि बापानं गिऱ्हाइकांपुढे कौतुक केलं, "कामाला वाघ आहे!" काचवाल्यांचा धाकटा भाऊ ट्रक चालवायचा. सदा तोंडातून धूर, म्हणून घरात त्याला धुराडंच म्हणत. त्यानं पुतण्याचे लाल डोळे पाहिले. त्यालाही कुणी काही सांगितलेलं नव्हतं. "झोप येत नाही? चल, काकाची सिगरेट ओढ. डोकं कसं गार होतं बघ." ती सिगरेट साधी नव्हती, तिच्यात गांजा भरलेला होता. डोकं घटकाभर गार झालं. मग थोरला रोजच काकाची वाट बघू लागला आणि भिंतीआडची माणसं घरात परत आली.

दुकानातले आरसे त्यानं कागदानं झाकले. पुढे पुढे तो पात्यानं आरशांच्या पाठीचा रंग खरवडू लागला, पलीकडे कोण बसलंय ते बघायला.

एके दिवशी सून स्वयंपाकघरात आली. तिच्या गालावर बोटं उमटली होती.

"आई, एक विचारू? खरं सांगाल?" तिनं दार लोटून घेतलं. "हे म्हणतात, तुला कुणी पाठवलंय, दुधात काय कालवतेस? आज पेला माझ्या तोंडावर फेकला. हे आधी कधी असे होते का?"

दुधात काय कालवतेस! काचवालीणबाईंच्या हातातला चमचा गळून पडला. सांगावं, आत्ता सांगावं, असं जीव तोडून वाटलं. पण डोळ्यांपुढे धाकटी आली, नवऱ्याची मूठ आली.

"नाही गं," ती म्हणाली. "कधीच नाही. कामाचा ताण असेल."

सुनेनं तिच्याकडे बघितलं आणि विश्वास ठेवला. खाली काचवाले धाकटीला सांगत होते, "भांड्याला भांडं लागायचंच. नवी लग्नं अशीच असतात."

ज्या दुपारी घडलं त्या दुपारी धुराडं येऊन गेलं होतं. सून दुकानात नवऱ्याला जेवायला बोलवायला गेली आणि एका झाकलेल्या आरशावरचा कागद सुटला म्हणून तिनं तो नीट लावायला हात वर केला. थोरल्याला आरशात दोन बायका दिसल्या, एक अलीकडे आणि एक पलीकडे.

"खुणा करतेस तिला!"

पहिली लाथ आरशाला बसली. आरसा वरपासून खालपर्यंत तडकून कोसळला. मग दुसरा, तिसरा. भिंतीला टेकवलेल्या काचा एकीवर एक आदळत फुटत गेल्या आणि आख्खी गल्ली बाहेर आली. आई जिन्यावरून धावली तेव्हा थोरल्याच्या हातात आरशाचा लांब तुकडा होता. तो त्यानं इतका घट्ट धरला होता की त्याच्याच तळव्यातून रक्त कोपरापर्यंत ओघळत होतं. सुनेनं तोंड वाचवायला उजवा हात पुढे केला. काच मनगटाच्या वर शिरली आणि त्यानं ती खेचली. सून ओरडली नाही, नुसती खाली बसली आणि आपल्या हाताकडे बघत राहिली. तो पुन्हा वाकला. काच पुन्हा वर गेली, खांद्यावर उतरली.

काचवाले मागून आले. काच कापताना लावायची जाड लोखंडी पट्टी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली आणि पोराच्या डोक्यात घातली. तो पडला. पडल्यावर पुन्हा घातली. कान फाटला, काचांवर रक्त पसरलं, तरी पट्टी वर जातच होती. "माझं नाव घालवलंस! माझं नाव!"

आईनं पोराच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं. पुढची पट्टी तिच्या पाठीवर बसली. "मारा," ती किंचाळली, "मलाच मारा! त्याचं काय चुकलं? त्याला माहीत तरी आहे का?"

दवाखान्यात एका खोलीत सुनेचा हात शिवला आणि दुसऱ्या खोलीत डोकं बांधलेल्या थोरल्याला खाटेला जखडून ठेवलं. सुनेचे शिरा-स्नायू तुटले होते. तीन बोटं आता वळायची नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. वेत विणणारी बोटं! तिचे वडील भिंतीला टेकून उभे होते. पोलीस विचारायला आला.

"काच निसटली अंगावर," काचवाले तयारच होते. "आमच्या धंद्यात होतंच. पोरगा तिला वाचवायला गेला, त्यालाही लागलं."

पोलिसानं आईकडे बघितलं. काचवाल्यांनीही बघितलं. ती नजर ती सगळा संसार ओळखून होती.

"सांग, आई." हे धाकटी बोलली. "माझं नाव पुढे करून गप्प बसू नकोस. वहिनीचा हात तोडून मला लग्न नकोय."

आई सुनेच्या खाटेशी जाऊन उभी राहिली. "काच निसटली नाही. माझ्या मुलाला मनाचा आजार आहे, लग्नाच्या कितीतरी आधीपासून. गोळ्यांवर तो बरा होता. आम्ही त्याच्यापासून लपवलं, हिच्यापासून लपवलं. यांनी गोळ्या फेकल्या आणि मी बघत राहिले."

"तोंड बंद कर!" काचवाल्यांचा हात वर गेला.

"उचला. आज इथे सगळ्यांसमोर उचला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, कळलं का? उजाडलंय!"

पोलिसानं काचवाल्यांचं मनगट धरलं. आई सुनेकडे वळली. तिला काहीतरी मागायचं होतं, क्षमा असेल, पण सुनेनं आधीच तोंड उघडलं.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती हळू म्हणाली. "गालावर वळ घेऊन विचारलं होतं, आई."

सून वडिलांबरोबर गेली ती परत आली नाही. यावंच तरी का?

दवाखान्यात जखमेच्या औषधांसोबत गोळी पुन्हा सुरू झाल्यावर भिंतीआडची माणसं हळूहळू गप्प झाली. थोरला खाटेवर उठून बसू लागला, ती दुपार आठवून हमसून हमसून रडू लागला. एका सकाळी आई त्याच्याजवळ येऊन बसली. या खेपेला हातात पेला नव्हता. तळव्यावर अख्खी गोळी होती.

"ही तुझी गोळी. तुझ्या आजाराची. लग्नापर्यंत मी तुला ती दुधातून देत होते."

तो गोळीकडे बघत राहिला. "मला आजार आहे? आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"नाही."

"मला माहीत असतं, तर मी तिला आधीच सांगितलं असतं. काकाची सिगरेटही घेतली नसती. ती पळून गेली असती, आई, पण तिचा हात शाबूत राहिला असता." त्याचा आवाज फाटला. "मग तिचा हात कुणी कापला? मी, का तुम्ही?"

"काच तुझ्या हातात होती," काचवालीणबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून धार लागली होती, पण त्यांनी त्याच्यावरची नजर हटवली नाही. "हातात दिली आम्ही."

थोरल्यानं गोळी उचलली. आई सवयीनं उठली आणि खोलीचं दार लावायला गेली.

"दार उघडं राहू दे," तो म्हणाला. "आणि दूध नको. पाणी दे."